कुठल्या तालमीजवळ?

३१ जानेवारी

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापूरला लागली. स्टेशनाबाहेर आल्या आल्या लेकीनं फोनवरचा नकाशा उघडला आणि आत्याच्या घराची लाल खूण रिक्षावाल्यापुढं धरली. त्यानं फोनकडं बघितलंसुद्धा नाही.

"मंगळवार पेठेत कुठं?"

"हे काय, इथे," लेक म्हणाली.

"ते ऱ्हाऊ दे ताई. कुठल्या तालमीजवळ?"

ठाण्यात वाढलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तालीम माहीत आहे ती नाटकाची, कुस्तीच्या आखाड्याची नाही. तिनं विचारलं, "तिकडे नाटक बसवतात?"

"नाटक बी व्हतंय कवाकवा," रिक्षावाला म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "नंगीवली का पाटाकडील?"

"नंगीवली."

"कुणाकडं आलायसा?"

मी आडनाव सांगितलं.

"दुधाचे का शाळंतले?"

"शाळेतले."

"मग मास्तरांच्यात म्हणा की सरळ! मला गणित होतं त्यांचं." मग वाटेत त्यानं मास्तरांच्या छडीचं, त्यांच्या सायकलचं आणि मास्तर गेले तेव्हा पेठेत किती माणूस जमलं होतं त्याचं सगळं सांगितलं. घरासमोर रिक्षा थांबवून तो स्वतः उतरला, बॅग उंबऱ्यात ठेवली आणि आत हाक दिली, "बाई, पावणं आणल्यात तुमचं."

नकाशावरच्या खुणेनंही आम्ही त्याच दारात उतरलो असतो. कदाचित दोन मिनिटं आधीच. पण दारात पोचणं आणि कुणीतरी हाक मारून पोचवणं यांत फार फरक आहे, आणि या तीन दिवसांत मी तो मनापासून अनुभवला. म्हणून हे लिहायला बसलो.

आतून आवाज आला, "आलो आलो!" लेकीला वाटलं घरात कुणी आजोबा आहेत. बाहेर आली ती आत्या. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो, मी सांगितलो' असंच बोलतात. मला ते लहानपणापासून आवडतं. त्या बोलण्यात एक ऐट आहे. लेक दुपारपर्यंत 'मी जेवलो' म्हणायला लागली होती.

मग आत्याचे प्रश्न सुरू झाले. गाडीत झोप लागली काय? वरचा बर्थ मिळाला का खालचा? पोरगी का अशी वाळलीय? तुझा गुडघा कसा हाय? ऑफिसातला तो त्रास देणारा साहेब गेला का हाय अजून? सासूबाईंचं डोळ्याचं झालं? प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबायची. उत्तर पुरतं ऐकायची. साहेबाचं उत्तर तर तिनं दोनदा ऐकलं, कारण पहिल्यांदा मी ते थोडक्यात उरकलं होतं.

चहा पिता पिता माझा फोन वाजला. गाडीच्या तिकिटाच्या ॲपनं विचारलं होतं, तुमचा प्रवास कसा झाला, पाचपैकी तारे द्या. त्याच्या वर आदल्या दिवशीचे तीन निरोप पडून होते. घरी आलेल्या प्लंबरबद्दल एक, मागवलेल्या केकबद्दल एक, आणि बँकेत फोन केला त्याबद्दल एक. हल्ली दिवसभर आपली विचारपूस कोण करतं याचा हिशेब मांडला तर पहिला नंबर यंत्राचा लागेल. मला याचा खरोखर राग येतो. विचारपूस ही मराठी माणसाची केवढी मोठी ठेव! 'कसं काय, बरं आहे ना' म्हणत उंबऱ्यात थांबणारी माणसं आपण बघितली. आता तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो आणि ऐकायला पलीकडं कुणीच नसतं. उत्तरासाठी जागाही कशी, तर पाच तारे. साहेबाचा त्रास पाच ताऱ्यांत कसा सांगायचा?

संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात गेलो. आम्ही हेच तीन दिवस धरून आलो होतो ते किरणोत्सवासाठी. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर, या दिवसांत मावळतीचा सूर्य पश्चिमेच्या महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतो. पहिल्या दिवशी किरणं देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. ज्यांनी शेकडो वर्षांपूर्वी हे दगड रचले त्यांनी सूर्य कुठल्या दिवशी कुठं बुडतो ते बघून ठेवलं होतं. पुढं पश्चिमेला इमारती उठल्या, त्यांचा अडथळा होऊ लागला, मग मोजण्या झाल्या, काही अडथळे काढले. तरीही हवेत धुरकं असलं की किरणं वाटेतच मऊ पडतात. म्हणून या दिवसांत दुपारी चारपासून अख्खं गाव पश्चिमेकडं बघत असतं. भाजीवालीसुद्धा मेथी निवडता निवडता म्हणते, "आज ऊन बरं हाय."

आम्ही गर्दीत बरेच मागं होतो. पुढचं काही दिसत नव्हतं, दिसत होत्या फक्त माना. आणि मग मी जे ऐकलं ते विसरणार नाही. मागची माणसं पुढच्याला विचारत होती आणि पुढची त्यांच्या पुढच्याला.

"आलं का?"

"चौकात आलंय."

"कुठं?"

"उंबऱ्यावर! उंबऱ्यावर!"

खबर तोंडातोंडी मागं येत होती, जशी पंगतीत ताटं हातोहात पुढं जातात. गाभाऱ्यातले दिवे मालवलेले. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून डोळे मिटून उभे होते. त्यांना काही बघायचंच नव्हतं, त्यांचे कान पुढं होते. "पायावर!" असा शब्द आला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि तोच शब्द मागं वळून आमच्याकडं दिला. लेकीनं तो तिच्या मागच्या बाईंना दिला. सूर्य पश्चिमेकडून पुढं चालला होता आणि त्याची बातमी उलट, पूर्वेकडून मागं येत होती, माणसामाणसांतून.

आत्या घरी येताना म्हणाली, "टीव्हीवर लई स्वच्छ दिसतंय बघ. पण तिथं 'आलं का' विचारायचं कुणाला?"

१ फेब्रुवारी

पहाटे आतेभाऊ गंगावेशीत घेऊन गेला, दूध प्यायला. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं, धार काढली जाते आणि फेसाळ पेला हातात येतो. दूध अजून म्हशीच्या अंगाइतकं गरम असतं. तालमीतली पोरं अंगाला लाल माती घेऊन तशीच येतात आणि पेल्यामागून पेला रिकामा करतात. लेकीनं पहिला घोट घाबरत घेतला. ओठावर पांढरी मिशी आली. तिनं दुसरा पेला मागितला.

पैसे द्यायला खांबाला क्यूआर कोड लावलेला होता. भावानं फोन धरला आणि डब्यातून बाई मोठ्यानं ओरडली की इतके इतके रुपये प्राप्त झाले. म्हशीनं मान उचलून त्या डब्याकडं बघितलं.

गवळी म्हणाला, "पैसं आल्याशिवाय आता ती बी पान्हा सोडत न्हाय."

सगळे खळखळून हसले. हा माणूस यंत्रावर रुसलेला नाही, हे मला फार आवडलं. डबा आला, त्यानं घेतला, म्हशीच्या शेजारी बांधला. पण पेला हातात देताना "कुठलं पावणं? मुक्कामाला हायसा नव्हं?" हे त्यानं विचारलंच. डब्याला हे काम जमत नाही आणि गवळ्यानंही ते त्याच्यावर सोपवलेलं नाही. नव्या वस्तूंशी असंच वागावं असं मला वाटतं.

न्याहारीला मिसळ. इथं एक छोटं भांडण झालं. लेकीनं रात्रीच फोनवर मिसळीची ठिकाणं काढून ठेवली होती, तारे बघून. आत्यानं चष्मा लावून यादी वाचली.

"ह्या चांदण्या कुणी दिल्या?"

"जे खाऊन गेले त्यांनी."

"कुठली माणसं?"

"कुठलीही."

"त्यांना तिखटाचं कळतंय काय?"

लेकीला उत्तर देता आलं नाही, आणि मला तर प्रश्न बिनतोड वाटला. पुण्याहून आलेला 'फार तिखट' म्हणून एक चांदणी कापतो, सांगलीहून आलेला 'तिखट कमी' म्हणून एक कापतो, आणि त्या दोघांची सरासरी काढून मिसळ कशी आहे ते आपल्याला कळणार! आत्यानं गल्लीतल्या शेजाऱ्याला हाक मारून विचारलं. तो म्हणाला, "आज रविवार, अमक्याकडं नंबर लागायचा न्हाय. तमक्याकडं जावा. पण कट मागून घ्या, आणि पोरीला आधी दही." एका वाक्यात गर्दी, चव, रीत आणि पोरीची काळजी. तिथंच गेलो. वाटीत मटकी, वर फरसाण, त्यावर लालभडक कट आणि सोबत पाव नव्हे तर ब्रेडच्या जाड स्लाईस. लेकीच्या नाकातून पाणी आलं. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी काकूंनी स्वतःची दह्याची वाटी तिच्यापुढं सरकवली.

दुपारी खासबाग. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार बघितलं आणि परत येऊन कुस्तीसाठी हे मैदान बांधून घेतलं. १९१२ मध्ये ते सुरू झालं. मध्ये मातीचा हौद, भोवती चढत गेलेली बसायची जागा. रिकाम्या मैदानात आम्ही वर, खाली, कोपऱ्यात, सगळीकडं बसून बघितलं. कुठूनही हौद पूर्ण दिसतो. पुढं बसलेला माणूस मागच्याच्या आड येत नाही. गेल्या डिसेंबरात लेकीच्या शाळेच्या संमेलनात मी तिचा नाच पुढच्या बाबांच्या उंच धरलेल्या टॅबच्या पडद्यात बघितला होता. म्हणून इथं बसल्यावर मला त्या राजाबद्दल भरून आलं. मागच्याला दिसलं पाहिजे, हा विचार करून कुणीतरी जमीन खणली होती.

शाहू महाराजांची अजून एक गोष्ट मी लेकीला तिथं बसून सांगितली. गंगाराम कांबळे हे अस्पृश्य समाजातले, सरकारी पागेत कामाला. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली, आणि कांबळ्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढलं, 'सत्यसुधारक' नावाचं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, तिथं थांबवून चहा मागवू लागले. स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या मोठमोठ्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. भर रस्त्यात, लोकांसमक्ष. छत्रपतीच चहा घेतात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

लेक म्हणाली, "म्हणजे राजानं रिव्ह्यू दिला."

मी आधी नको म्हणणार होतो, पण विचार केल्यावर वाटलं, बरोबर बोलली पोरगी. फक्त तो रिव्ह्यू द्यायला राजाला स्वतः यावं लागलं, रस्त्यात थांबावं लागलं, आणि कप तोंडाला लावावा लागला. घरात बसून देता आला नसता.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, नंदीपर्यंत चालणं आणि थंडी. आत्या दमली होती म्हणून लवकर घरी.

२ फेब्रुवारी

सकाळी भावाच्या मित्राच्या गुऱ्हाळावर गेलो. पंचगंगेच्या अंगानं रस्ता, दोन्ही बाजूंनी ऊस. गावाच्या एक किलोमीटर आधीच वास येतो. मी त्या वासासाठी कितीही लांब जाईन.

गुऱ्हाळात बोलणं कमी आणि धूर जास्त. घाण्यातून रस निघतो, तो मोठ्या काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात. म्हणजे ऊसच उसाला शिजवतो. रसात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. रस आधी हिरवट, मग पिवळा, मग तांबूस. उकळ्या आधी लहान, घाईच्या. पुढं त्या मोठ्या, जाड आणि सावकाश होतात, फुटताना 'फट्' असा आवाज करतात.

काहिलीशेजारी गुळव्या उभा होता. साठीचा, पटका बांधलेला, धुरानं डोळे लाल. सगळं गुऱ्हाळ त्याच्या शब्दावर. त्यानं काठीनं थोडा पाक उचलून पाण्यात टाकला, बोटांत धरून गोळी केली, ती परातीवर आपटली. टण् असा आवाज आला नाही. मान हलली.

लेकीनं विचारलं, "मामा, टेंपरेचर किती लागतं?"

"ते न्हाय मोजत."

"मग कळतं कसं?"

"त्येलाच विचारतोय की," गुळव्या म्हणाला, आणि दुसरी गोळी आपटली.

तिसऱ्या गोळीला आवाज आला. त्यानं नुसता हात वर केला आणि चार माणसं धावली. काहील उतरली, सोन्यासारखा पाक वाफ्यात पसरला, फावड्यांनी हलवायला सुरुवात झाली. अर्धं मिनिट उशीर झाला असता तर आदण करपलं असतं. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ढेपेवर आता त्याची पट्टी लावता येते. ते योग्यच आहे. पण मानांकन ज्याच्यामुळं मिळालं तो हा, पाण्यातल्या गोळीला विचारणारा माणूस. त्याचा धाकटा मुलगा शहरात वस्तू पोचवायचं काम करतो, हे त्यानंच सांगितलं. "त्येला दिसभर फोन सांगतोय, हिकडं वळ, तिकडं वळ. पोरगं थकतंय." तक्रारीच्या सुरात नव्हता बोलत. पोराची काळजी होती.

गरम गूळ भाकरीवर घेऊन खाल्ला. काकवीची बाटली बांधून घेतली.

दुपारी चप्पल लाईनीत. पायताण घ्यायचं होतं. इथं एक गोष्ट मला जवळून बघायला मिळाली. दुकानाच्या मागच्या पडवीत एक मामा वेणी घालत होते. चामड्याच्या अरुंद पट्ट्या, त्या एकमेकींतून इतक्या चपळाईनं जात होत्या की बोटं कुठली आणि पट्टी कुठली ते कळेना. शेजारी मामी तळ शिवत होत्या, चामड्याच्याच वादीनं. खिळा नाही. दोघांमध्ये बोलणं चालू होतं, नातीच्या परीक्षेचं, आणि हात आपलं काम करत होते.

मी करकर वाजणारी जोडी मागितली. मामा म्हणाले, "वाजणारी पायजे तर कापशी घ्या. दोन तळांमधी विंचवाची बी घालतो आम्ही. त्याशिवाय आवाज कसला?" विंचू म्हणजे त्या नावाच्या झाडाची बी. त्यांनी माझा पाय हातात घेतला, अंगठ्याजवळचं हाड चाचपलं. "इथं दुखतंय का?" मी हो म्हणालो. ते हाड मला वर्षभर त्रास देतंय. ऑनलाईन मागवलेल्या बुटांचे तीन जोड मी परत पाठवले होते, दर वेळी कारणाच्या रकान्यात 'माप चुकले' असं टिचकी मारून. मामांनी अंगठ्याची पट्टी दोन दोरे सैल केली.

"आठ दिस तेल लावा. पावसात घालू नगा. आणि आवाज थांबला तर घिऊन या."

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं, तेव्हापासून भाव थोडा सुधारला का, असं मी विचारलं. मामी म्हणाल्या, "नाव मोठं झालं. वादीची किंमत बी मोठी झाली." एवढंच बोलल्या. मी घासाघीस केली नाही. या कामात ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी पुन्हा देवळात. आज मुखावर यायची होती किरणं, पण पश्चिमेला धुरकं होतं. पुढून शब्द आला, "उंबऱ्यावर." मग बराच वेळ काही नाही. मग, "गुडघ्यापर्यंत." मग "कंबरेपर्यंत", आणि तो शब्द येतानाच कळत होतं की याच्या पुढचा येणार नाही. घंटा वाजली, आरती सुरू झाली. कुणी हळहळलं, कुणी हसलं. परवाचे ते काठीवाले म्हातारे गृहस्थ पुन्हा शेजारी होते. त्यांनी लेकीला विचारलं, "बाळ, नोव्हेंबरात सुट्टी असतीय नव्हं?"

"दिवाळीवर आहे, आजोबा."

"मग नऊला ये. मी हितंच हाय."

आत्यानं रात्रीच्या गाडीला डबा दिला. तांबडी चटणी, भाकरी, दशम्या आणि काकवीची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळलेली. स्टेशनवर सोडायला तोच रिक्षावाला आला होता. त्याला कुणी बोलावलं ते मला अजून कळलेलं नाही.

३ फेब्रुवारी

सकाळी ठाण्यात. आमच्या लिफ्टमध्ये शिरलो. आत अकराव्या मजल्यावरचे शेजारी होते. चार वर्षं आम्ही याच लिफ्टमध्ये, मान खाली घालून, आपापल्या फोनवर. मी बॅग सरकवायला पाऊल टाकलं आणि चप्पल करकरली. छोट्या डब्यात तो आवाज चांगलाच घुमला.

त्यांनी मान वर केली.

"कापशी का हो?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"माझं आजोळ आहे सेनापती कापशी. आजोबा वाड्यात आले की आधी आवाज यायचा." त्यांनी फोन खिशात टाकला. "कोल्हापुरात कुणाकडं गेला होतात?"

"आत्याकडे. मंगळवार पेठेत."

अकरावा मजला आला. दार उघडलं. ते बाहेर पडले, पण एक पाय दाराच्या आडव्या पट्टीवर ठेवून तसेच उभे राहिले. लिफ्ट पी पी करायला लागली.

"मंगळवारात कुठल्या तालमीजवळ?"

माझ्या आधी लेकीनं उत्तर दिलं.